सत्तावन्नला सुरू होणारी थरथर

हे लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर लिहिलं गेलं ते म्हणजे ग्रामपंचायतीचे अर्ज आणि लग्नपत्रिकांवरचे पत्ते. कॉलेजात गेलेला घरातला पहिला मीच. त्यामुळे मराठीच्या मॅडमनी वार्षिक अंकासाठी "स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी लिही" असं सांगितलं, तेव्हा नाही म्हणायचं धाडस झालं नाही. दोन आठवडे विचार केला. मग लक्षात आलं, की एका पिकअपच्या थरथरीशिवाय माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलं नाही. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाड्यांमधलं मला कळत नाही आणि लेखनातलं त्याहून कमी कळतं. ज्यांना कळतं त्यांनी वाचताना हसावं, पण जरा हळू. हा अंक आमच्या गावातही जातो.

पिकअप माझ्या बाबांची. आमच्याकडे आली तेव्हाच ती दोन मालक बघून आलेली होती. डावीकडचा दरवाजा फक्त बाहेरून उघडतो, त्यामुळे आत बसलेल्याला उतरवायला कोणीतरी यावं लागतं. तिच्यातून बाबा जांभ्याचे चिरे वाहतात, भाताची पोती, मे महिन्यात आंब्याचे क्रेट, आणि चतुर्थीच्या आधी वाडीतले सगळे गणपती. गणपतींच्या दिवशी ते अनवाणी चालवतात.

आमचं गाव देवरूखपासून आत, डोंगराला लागून. आमच्याकडच्या रस्त्यावर गाडी चाळीसच्या पुढे गेली तर समजायचं ब्रेक गेलाय. बाबांनी या गाडीचा काटा पन्नासवर फारसा पाहिलेला नव्हता. गेल्या कार्तिकात खाली हायवेचा एक सिमेंटचा तुकडा सुरू झाला. तुकडाच. इकडे डायव्हर्जन, तिकडे डायव्हर्जन, मध्ये दीड-दोन किलोमीटर सरळ, गुळगुळीत, चार पदरी. बाबा तिथे पहिल्यांदा साठला गेले.

जेवताना म्हणाले, "गाडी थरथरते."

आई म्हणाली, "गाडी थरथरणार नाय तर काय करणार? खड्डे हायत."

"खड्डे नाय तिथं थरथरते. खड्ड्यात बरी असते."

हे कोणालाच पटेना. पण ते खरं होतं. पंचावन्नपर्यंत काही नाही. सत्तावन्नला कोणीतरी आतून गाडी धरून हलवायला लागायचं, आणि पासष्टच्या पुढे पुन्हा शांत. ही थरथर कधीपासून होती ते सांगायला काही पुरावाच नव्हता, कारण त्याआधी सत्तावन्नला जायला आमच्याकडे रस्ता नव्हता. वाडीत दोन दिवस चर्चा अशी झाली, की दोष सिमेंटचा आहे.

बाबा गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींचं गॅरेज देवरूखला, बाजाराच्या मागे. आमची गाडी गेली सहा वर्षं त्यांच्याच हाताखाली आहे. त्यांनी एक फेरी मारली, एसटी स्टँडपर्यंत आणि परत.

"दादा, गाडी लोणी हाय."

"साठला ने ना."

"साठला नेऊ खंय? बाजारात? पेपरात फोटो येईल माझा, हार घातलेला."

"हातात येतं रे. स्टेअरिंग धरलं की हातात येतं."

हातात येतं म्हटल्यावर मिस्त्रींनी पुढची बाजू धरली. पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग झालं. स्टेअरिंगचे सांधे बदलून झाले. रिमच्या आतल्या बाजूला लाल माती बसली होती ती खरवडली. दोन घमेली निघाली. मिस्त्री म्हणाले, "यात वांगी लावलीत असतीत तर आतापर्यंत भाजी खाल्ली असतीत." बाबा हसले, हायवेला गेले, आणि सत्तावन्नला थरथर जागेवर होती.

इथपर्यंत हे सगळं गमतीचं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग एका संध्याकाळी कॉलेजातून आलो तर बाबा पडवीच्या पायरीवर दोन्ही हात पुढे धरून बसले होते, ओले हात वाळवावेत तसे. मी विचारलं, काय झालं.

"काय नाय. गाडी बंद करून अर्धा तास झाला. अजून हलतंय."

मी पाहिलं. हलत होतं. फार नाही. मला वाटलं तेवढं माझंही हलत असेल, म्हणून मी पण हात पुढे धरले. दोघंही तसेच बसलो. आई बाहेर आली आणि "भिक्षा मागायला बसलात काय?" म्हणून आत गेली.

बाबा म्हणाले, "माझ्या बापसाला पन्नाशीत सुरू झालं. आधी कप. मग सदऱ्याची बटणं. मग अंगठा उठवायला पण हात धरून ठेवायला लागायचा." मग म्हणाले, "गाडीत नसेल, तर माझ्यात असेल."

बाबा बावन्न वर्षांचे आहेत. आठवी शिकलेले, आणि एकविसाव्या वर्षापासून गाडी चालवतात. दुसरं काही त्यांना येत नाही असं नाही, पण दुसरं काही करताना ते बाबा दिसत नाहीत. त्या दिवसानंतर घरात गाडीबद्दल बोलणं म्हणजे त्यांच्याबद्दलच बोलणं झालं. मिस्त्री "गाडीत काय नाय" म्हणाले, की ते चांगलं वाटायच्या ऐवजी सगळ्यांची तोंडं उतरायची. मिस्त्रींना बिचाऱ्यांना कारण कळायचं नाही.

आईने एका शेजारणीला विचारून रत्नागिरीतला एक दवाखाना शोधला. मेंदूचे आणि नसांचे डॉक्टर कोल्हापूरहून महिन्यातून एकदा तिथे येतात. नंबर मिळाला तो दीड महिन्यानंतरचा. बाबा म्हणाले, "तोपर्यंत गाडीत सापडलं तर मी येणार नाय." आई म्हणाली, "मग शोधा." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कॉलेजात काय शिकतोस?"

मला सांगावं लागलं, की आम्हाला कंपनं हा धडा आहे. हे मी बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी वाडीत झालं, की मुलगा कॉलेजात हेच शिकतोय.

आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहतात. आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतो. चौतीस वर्षं त्यांनी मंडणगडपासून पार राजापूरपर्यंत गाड्या चालवल्या. ते अंगणात आले आणि मला म्हणाले, "काय कॉलेज? काय म्हणतंय तुझं पुस्तक?"

मी भीत भीत सांगितलं, की प्रत्येक वस्तूची एक आपली लय असते. त्याच लयीत कोणी धक्के देत राहिलं की ती जोरात हलते, झोपाळ्यासारखी. सत्तावन्नला गाडीतला कुठला तरी धक्का आणि गाडीची लय जुळत असणार.

"बरोबर. पण धक्का देतंय कोण?"

"ते पुस्तकात नाही."

"मग पुस्तक ठेव घरी. मी येतो. माझी कवळी सांगेल."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. पण ते गंभीर होते. त्यांची वरची कवळी जरा सैल आहे. एसटीत शेवटची सात वर्षं इंजिनाचं कुठे काय सैल झालंय ते त्यांना आधी कवळीत कळायचं आणि मग डेपोत, असं ते सांगतात. पुढच्या रविवारी आम्ही हायवेला गेलो. बाबा चालवायला, मी शेजारी वही घेऊन, आणि काका मागे हौद्यात, केबिनला खांदा टेकवून, तोंड किंचित उघडं ठेवून. मी मागच्या काचेतून बघायचं, आणि कवळी वाजली की त्यांनी हात वर करायचा, असं ठरलं.

पन्नास, काही नाही. त्रेपन्न, काही नाही. पंचावन्नला काकांनी हात वर केला, पण तो माशी हाकलायला होता. सत्तावन्नला त्यांचा हात गेला आणि वरच राहिला. काचेतून मला त्यांच्या जबड्याची टकटक दिसत होती. पासष्टला हात खाली. परतीच्या फेरीला पुन्हा सत्तावन्न. मी वहीत लिहिलं: "५७, कवळी सुरू. ६५, कवळी बंद." प्रयोगवहीत आजवर मला इतकं अचूक उत्तर कधी आलं नव्हतं.

थांबल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "म्हणजे तुम्हाला पण लागतं?"

"लागतं म्हणजे? दात पडायचे राहिले."

बाबांचा चेहरा मोकळा झाला. मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. पण घरी येईपर्यंत त्यांनी त्याचं दुसरं टोक धरलं होतं. "कवळी त्यांची सैल हाय. ती तर कशानेही वाजेल. त्यांच्यात पण असू शकेल." काकांचं वय अडुसष्ट आहे. त्यांना हे कळलं तेव्हा ते चार दिवस आमच्याकडे आले नाहीत.

मधल्या काळात आई देवळात जाऊन आली. आमच्याकडे ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवीला पाकळ्या चिकटवतात, प्रश्न घालतात, आणि उजवी पडते की डावी त्यावरून उत्तर. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, की बाय, दोष गाडीत असेल तर उजवी दे आणि माणसात असेल तर डावी दे. आम्ही बसलो. पाऊण तास झाला, एकही पाकळी हलली नाही. गुरवांना दुसरीकडे पूजा होती, ते घड्याळ बघायला लागले. शेवटी म्हणाले, "गॅरेजलाच दाखवा." बाबा पायरी उतरताना म्हणाले, "इथं तरी काय हलत नाय. बरं वाटलं."

मला मात्र त्या चार दिवसांत एक गोष्ट सुचली होती. ती इतकी साधी होती, की सांगायची लाज वाटत होती. बाबा म्हणाले हातात येतं, म्हणून सगळ्यांनी हातांपासून सुरुवात केली होती. पण ते कुठे किती येतं हे कोणी मोजलंच नव्हतं. काकांना मनवून (त्यासाठी आईने घावणे पाठवले) आम्ही पुन्हा हायवेला गेलो. या वेळी मी तीन अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटल्या घेतल्या. एक डॅशबोर्डवर स्टेअरिंगजवळ चिकटपट्टीने चिकटवली, एक सीटवर आमच्या दोघांच्या मध्ये बांधली, आणि एक काकांच्या मांडीत दिली.

डायव्हर्जनला एक माणूस लाल-हिरवा झेंडा घेऊन उभा असतो. त्या दिवशी त्याने आम्हाला सातव्यांदा परत येताना पाहिलं आणि लाल झेंडा आडवा घातला.

"काय चाललंय?"

बाबा म्हणाले, "गाडी तपासतोय."

त्याने मागे पाहिलं. काका तोंड उघडं ठेवून, मांडीत बाटली धरून बसले होते.

"आजोबांना दवाखान्यात न्यायचं असेल तर सरळ जावा ना. इकडंतिकडं काय फिरवताय त्यांना?"

काका हौद्यातून ओरडले, "अरे मी यंत्र हाय इथलं!"

त्याने हिरवा झेंडा दाखवला आणि नंतरच्या प्रत्येक फेरीला टोपी काढून आम्हाला वाट दिली.

त्या दिवशीच्या नोंदी अशा होत्या. सत्तावन्नला डॅशबोर्डवरचं पाणी जवळजवळ शांत. सीटवरच्या बाटलीत बारीक लाटा. काकांच्या बाटलीतून पाणी उडून त्यांचं धोतर भिजलं. गिअरचा दांडा डोळ्यांना दिसेल इतका नाचत होता, आणि बाबांचा डावा हात त्याच्यावर होता, कारण तो नेहमीच तिथे असतो. गिअर बदलायचा नसला तरी. मग मी बाबांना सांगितलं, की बासष्टला नेऊन गाडी न्यूट्रल करा आणि तशीच धावू द्या. इंजिन जवळजवळ बंदच असल्यासारखं झालं. थरथर तशीच राहिली. म्हणजे इंजिन नाही. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून पाहिली. काही फरक नाही. म्हणजे चाकं नाहीत. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जो लांब दांडा पोटाखालून फिरत जातो, शाफ्ट, तेवढा उरला.

हे मी वहीत लिहिलं आणि वही बंद केली. शाफ्टचं काम मिस्त्रींनी दसऱ्यालाच केलं होतं. त्याचा क्रॉस, म्हणजे दांडा वाकत फिरू देणारा सांधा, बदलला होता. त्यांच्या कामात चूक आहे असं मी, ज्याला साधा स्टेपनीचा जॅक लावता येत नाही, कसं सांगणार? दोन दिवस गेले. दवाखान्याच्या नंबराला नऊ दिवस राहिले होते. शेवटी बाबा पुन्हा पायरीवर हात धरून बसलेले दिसले, तेव्हा सांगून टाकलं.

बाबा म्हणाले, "पण मला हातात येतं."

"बाबा, ते हातात येतं ते गिअरच्या दांड्यातून येत असेल."

"आणि स्टेअरिंगवर?"

मी म्हटलं तिथलं पाणी हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी काढली.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"कोणी सांगितलान?"

"पोरानं."

"पोराला म्हणावं, शाफ्ट मी बसवलाय. खुणेला खूण लावून बसवलाय. दोन तुकडे असतात, दातांनी एकमेकांत बसतात. काढताना खूण केली नाय आणि बसवताना एक-दोन दात इकडचे तिकडे झाले, की गाडी नाचते. हे मला कळतंय. म्हणून तर मी खूण करतो. वर पांढरा रंग मारलाय, पुसू नये म्हणून. बघायचाय?"

बघायचंच होतं. गाडी खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली. बाबा, मी, मिस्त्री आणि काका चौघंही खाली उतरलो. आई डबा घेऊन आली होती ती वर काठावर वाकून उभी राहिली. मिस्त्रींनी फडक्याने ग्रीस पुसलं आणि बॅटरी मारली. दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या खुणा होत्या, एकीसमोर एक, केसाचा फरक नाही.

"बघ कॉलेज," मिस्त्री म्हणाले. "अजून काय विचारायचंय?"

बाबा खड्ड्याच्या भिंतीला टेकले आणि आपले हात बघायला लागले.

वरून आई म्हणाली, "खूण कुठली?"

"ही काय वहिनी, तीन पट्टे."

"ते माझं गंध हाय."

आई काठावर बसली आणि तिथूनच सांगायला लागली. दसऱ्याला गाडी गॅरेजात होती, शाफ्ट काढून गोणपाटावर ठेवलेला. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा चुकत नाही, म्हणून ती पूजेचं ताट घेऊन इथेच आली होती. मिस्त्री घरी जेवायला गेले होते. तिने गाडीला पाणी मारलं, हार घातला, पाना, पक्कड, जॅक सगळ्यांना गंध लावलं. गोणपाटावरच्या दांड्यावर काहीतरी खडूची रेघ होती, मळकी दिसत होती, ती ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली, आणि दोन्ही तुकड्यांना पिंडीला लावतात तसं तीन बोटांनी गंध ओढलं.

"एवढा मोठा दांडा, गाडी त्याच्यावर चालते म्हणतात, आणि त्यालाच तेवढा उपाशी ठेवू?"

मिस्त्री हळूच म्हणाले, "मला वाटलं, मीच ओढली. सणाची घाई होती. पुसू नये म्हणून वरून रंग मारला."

"तुम्ही तीन बोटं ओढता काय कधी?"

"एकच रेघ ओढतो."

"मग?"

"म्हटलं, कंपनीची असेल."

काका खड्ड्यात बसून इतके हसले, की कवळी काढून खिशात ठेवावी लागली.

मिस्त्रींनी शाफ्ट सोडवला. दोन्ही टोकांचे चिमटे, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका सरळीत यायला हवेत. आमचे दोन दातांनी वाकडे होते. त्यांनी ते नीट बसवलं आणि नवी खूण केली, एका रेघेची, छिन्नीने कोरून. कोरताना आईकडे बघून म्हणाले, "वहिनी, आता याच्यावर काय हवं ते लावा." आईने त्यांना डब्यातली भाकरी दिली, पण ती त्यांच्याशी नीट बोलत नव्हती. खरं तर ती कोणाशीच नीट बोलत नव्हती. दोन महिने तिच्या तीन बोटांमुळे बाबा हात बघत बसले होते, हे तिच्या मनातून जाईना. मी तिला म्हणालो, की आई, त्यात तुझी चूक नाही. ती म्हणाली, "चूक नाय कशी? पण पूजा बरोबर झाली होती."

सगळे मिळून हायवेला गेलो. आई केबिनमध्ये, मी, मिस्त्री आणि काका हौद्यात. झेंडेवाल्याने एवढी माणसं बघून दोन्ही झेंडे वर केले. मी मागच्या काचेतून काटा बघत होतो. पंचावन्न. सत्तावन्न. काकांनी तोंड उघडं ठेवलं होतं. साठ. त्रेसष्ट. सत्तर.

"काय काका?"

"काय नाय," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती असं मला वाटलं. "गेली ती."

रस्त्याच्या कडेला टपरी आहे, तिथे थांबलो. बाबा उतरले, फिरून आले, आईच्या बाजूचा दरवाजा बाहेरून उघडला. सगळे एकदम बोलत होते. मिस्त्री टपरीवाल्याला गंधाची गोष्ट पहिल्यापासून सांगत होते. बाबांनी चहा डाव्या हाताने घेतला. ते मी पाहिलं. वहीत लिहिलं नाही.

मला वाटलं होतं बाबा आता दवाखान्याचं नाव काढणार नाहीत. ठरल्याप्रमाणे त्यांना जायची गरज नव्हती. आईनेही विषय सोडला होता. पण आदल्या दिवशी तेच म्हणाले, "जाऊन येतो. नंबर मुश्किलीने मिळालाय." मिस्त्री म्हणाले, मी पण येतो, माझं रत्नागिरीला काम आहे. त्यांचं काम काय ते कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती. प्रयोग आला तो लोलकाचा. दोरीला बांधलेला गोळा किती वेळा हलतो ते मोजायचं. मी वीस हेलकावे मोजायला घ्यायचो आणि अकरा-बाराला चुकायचो. सरांनी दोनदा विचारलं, बरं आहे ना. मोबाइल बाहेर दप्तरात बंद होता. सुटल्यावर चालू केला तर आईचे पाच मिस्ड कॉल. लावला तर लागेना. त्यांच्या परतीच्या घाटात रेंज नसते. एसटी स्टँडवर बसून राहिलो. माझी गाडी आली आणि गेली. शेवटी साडेपाचला फोन वाजला.

आई हॅलो न म्हणता बोलायला लागली. डॉक्टर चांगले होते. त्यांनी बाबांना कागदावर गोल गोल काढायला लावलं, बोटं नाचवायला लावलं, दाराबाहेर चालायला लावलं. बाबांनी त्यांना शाफ्टचं सगळं सांगितलं आणि डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग काय म्हणाले?"

"डावा हात साफ हाय. काय नाय त्याला. तो गाडीनेच हलत होता. उजव्यात हाय, म्हणाले. सुरुवात हाय. गोळ्या दिल्यायत. तीन महिन्यांनी परत बोलावलंय, तोपर्यंत गाडी चालवायची नाय."

मी विचारलं बाबा काय म्हणाले. ती म्हणाली, आत्ता आंघोळीला गेलेत.

मग मी विचारलं, येताना कसे आलात.

"मिस्त्रींनी आणलीन गाडी," आई म्हणाली. "हे माझ्या बाजूला बसले होते, दरवाज्याकडे. घराकडे पोचल्यावर मिस्त्रींनी फिरून येऊन दरवाजा उघडला, तेव्हा उतरले."